मल्चिंग पेपरखालची भोगी

माझ्या केसांबद्दल मी जे सांगते त्यातलं निम्मं लोकांना खोटं वाटतं. त्यांचं बरोबर आहे, निम्मं खोटंच असतं. पण कुठलं निम्मं, ते मी आजवर कुणाला कळू दिलेलं नाही.

आता हेच बघा. मी तिसरीत असताना घरातला लाल कंगवा हरवला. आईनं घर शोधलं, गोठा शोधला, शेजारणीवर संशय घेऊन तिच्याशी महिनाभर अबोला धरला. कंगवा सापडला मी पाचवीत गेल्यावर. माझ्याच डोक्यात, उजव्या कानाच्या वर, दात सगळे शाबूत. शाळेत बाकीच्या पोरींच्या वेण्या खाली लोंबायच्या, माझ्या दोन्ही बाजूंना मोटरसायकलच्या हँडलसारख्या आडव्या निघायच्या, टोकाला लाल रिबिनी. माझ्या मागच्या बाकावरच्या तीन पोरी त्या वर्षी नापास झाल्या. त्यांच्या आया शाळेत आल्या आणि फळा दिसत नव्हता म्हणून सरळ माझं नाव सांगून गेल्या. मला शेवटच्या बाकावर बसवलं. तिथं भिंतीवर वाडवडिलांपासून चालत आलेली कोळिष्टकं होती, ती आठवड्यात साफ झाली.

आमचं गाव कन्हेरी, बारामतीला लागून. आम्ही भाजीपालावाले. टोमॅटो, ढोबळी मिरची, भेंडी, जे लावू ते बाजारात. माझ्या वडलांना अख्खं गाव तात्या म्हणतं, म्हणून मीही म्हणते. तात्यांना जगातली कुठलीही वस्तू दाखवा, त्यांना तिच्यात पिकाचा प्लॉट दिसतो. रोज सकाळी चहा पिताना ते माझ्या डोक्याकडं बघायचे आणि सुस्कारा सोडायचे.

"हरळी हाय ही. वर कापून उपेग न्हाय. मुळातनं काढाय पायजे."

"पोरीचं डोकं हाय त्ये," आई म्हणायची, "तुमचा बांध न्हाय."

उपाय सगळे झाले. खोबरेल, एरंडेल, दही, कांद्याचा रस. अंडं लावलं त्या दिवशी गल्लीतली मांजरं माझ्यामागं कॉलेजपर्यंत आली. सांगवीच्या मावशीनं कसलासा काळा पाला तेलात उकळून बाटली धाडली. पंधरा दिवस लावलं. केस होते तसेच राहिले, उशीला मात्र लव फुटली.

मग मी बारामतीतून केसांचं सिरम आणलं. तात्यांनी चष्मा लावून बाटलीवरचं सगळं वाचलं, औषधाच्या डब्यांवरचं वाचतात तसं, बोट फिरवत.

"ह्यात शिलिकॉन हाय," ते म्हणाले. "अगं, हे तर आपलं स्टिकर की! फवारणीत घालतो त्ये, पानाला थेंब चिकटून ऱ्हावा म्हणून. आन् एवढुश्या बाटलीत? तुला लिटरभर देतो, घरातच पडलंय."

मी नको म्हटलं. त्यानंतर आठवडाभर ते माझ्याकडं, घरचं शेणखत सोडून विकतचं टाकणाऱ्या शेतकऱ्याकडं बघावं तसं बघत होते.

तर असं हे डोकं घेऊन मी लग्नाची झाले. बायोडाटाला फोटो लागतो. एसटी स्टँडच्या मागं एक पार्लर आहे, तिथल्या बाईनं मला खुर्चीत बसवलं, माझ्याभोवती एक फेरी मारली आणि दोन्ही सहायक पोरींना म्हणाली, "आज दुसरं कुणी घेऊ नका." तीन तास गरम इस्त्री चालली. धूर एवढा झाला की वरच्या मजल्यावरचे वकील साहेब काय पेटलं म्हणून जिना उतरून आले. शेवटी आरशात बघितलं तर एक गरीब स्वभावाची मुलगी बसलेली. केस सरळ, खाली मान घातल्यासारखे. मी तिला ओळख दिली नाही.

त्या मुलीचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरत फिरत इंदापूर तालुक्यात गेला आणि भवानीनगरजवळच्या एका घरी थांबला. घरचा ऊस, थोडा कारखान्याला जायचा, बाकीच्याचं घरचंच गुऱ्हाळ. मुलगा गुऱ्हाळ बघणारा. वडील नव्हते, आईनंच सगळं उभं केलेलं. बघायला आले त्या दिवशी मी पहाटे पुन्हा पार्लरमध्ये जाऊन इस्त्री मारून आले. त्याची आई माझ्या शेजारीच बसली. बसल्या बसल्या तिनं दोनदा नाकानं हवा ओढली. मला वाटलं, बाईला सर्दी आहे.

पोह्यांत मी घाबरून दोनदा मीठ घातलं होतं. सगळी माणसं "छान झालेत, छान झालेत" करत पाण्यावर पाणी पीत होती. तो एकटा रिकामी डिश खाली ठेवत म्हणाला, "मीठ दोनदा पडलंय. पण संपवलेत मी." आणि हसला. 

झालं. मला हे स्थळ हवंच झालं. आधी चार ठिकाणचे येऊन गेले होते, त्यांतल्या एकानं मला माझं पॅकेज विचारलं होतं आणि एकानं तात्यांना विहिरीची खोली. हा माणूस तोंडावर खरं बोलला होता आणि वर डिशही संपवली होती. दोष एकच, की त्यानं पसंत केलेली मुलगी पहिल्या आंघोळीत वाहून जाणारी होती.

सुपारी फुटली, लग्न वैशाखात ठरलं. आणि माझे हाल सुरू झाले.

त्याची बारामतीला फेरी असायची. येता जाता गाडी कन्हेरीकडं वळायची, तीही न सांगता. पहिल्यांदा आला तेव्हा मी नुकतीच न्हालेली, डोकं आंब्याच्या झाडाएवढं. फाटक वाजलं तशी मी दोरीवरचा स्कार्फ ओढला आणि स्कूटीवरच्या पोरी बांधतात तसा कपाळापासून गळ्यापर्यंत गुंडाळला. फक्त डोळे बाहेर. आणि तशी जाऊन सोफ्यावर बसले. आमच्याच घरात.

"कुठं निघालाय?" त्यानं विचारलं.

"नाही. मला धुळीची ॲलर्जी आहे."

"घरातपन?"

"घरात जास्त."

स्कार्फच्या खालून कप नेऊन चहा प्यायले मी. असं पाच वेळा झालं. प्रत्येक वेळी तो दारातून माझ्याकडं वळून बघायचा, अंगणातल्या मातीकडं बघायचा आणि विचारात पडून गाडीला किक मारायचा. मला वाटायचं, कसली गंमत करतेय मी! आपल्या हुशारीवर हसू यायचं मला.

पण वैशाखानंतर काय? नवऱ्याच्या घरात जन्मभर स्कार्फ बांधून बसता येत नाही. म्हणून मी कायमचं स्ट्रेटनिंग करायचं ठरवलं. पौष लागला होता, उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ते भरलेले. सकाळी दहाला पार्लरच्या खुर्चीत बसले. क्रीम लावायची, थांबायचं, धुवायचं, वाळवायचं, इस्त्री, परत क्रीम. दुपारी पहिला डबा संपला. चार वाजता दुसरा. साडेपाचला ती बाई हातमोजे काढून माझ्यासमोर स्टुलावर बसली, डॉक्टर वाईट बातमी सांगताना बसतात तशी.

"ताई, दोन बायकांचं मटेरियल तुमच्या पुढच्या निम्म्या डोक्यात गेलं. मागचं निम्मं राहिलंय. पुण्यावरनं माल येतोय, संक्रांतीनंतर या."

"म्हणजे मी आत्ता अर्धीच सरळ आहे?"

"मागं नुसती इस्त्री मारून देते. कुणाला कळत नाही. फक्त तीन दिवस पाणी लागू द्यायचं नाही. बांधायचे नाहीत, पिन नाही, कानामागं घ्यायचे नाहीत. घाम नको, वाफ नको. चुलीपाशी तर जाऊच नका."

ते शेवटचं मला फार आवडलं. घरी येऊन मी आईला सांगितलं की डॉक्टरी सल्ल्यानं मला तीन दिवस स्वयंपाकघर वर्ज्य आहे. आई बाजरीच्या पिठात हात घालून बसली होती. तिनं वर बघितलं.

"उद्या भोगी हाय."

माल कधी येतो, पार्लर कधी रिकामं असतं, तो कधी येतो, सगळं मोजलं होतं मी. भोगी विसरले होते. आमच्या घरात काहीही चुकेल पण भोगीला बाईमाणसानं तीळ लावून डोक्यावरून न्हाणं चुकत नाही. आई तापानं फणफणलेली असतानाही न्हाली होती त्या दिवशी.

"आई, पाणी लागलं तर सगळं वाया जाईल."

"आन् न्हाली न्हाईस तर? लगीन ठरलेली पोरगी भोगीला पारोशी? सासरी कळलं तर?"

"सासरी काय कळतंय!"

"त्येला वर बसलेल्याला कळतंय की."

दोघी इरेला पेटलो. तात्या ओट्यावर बसून भेंडीच्या क्रेट्या लावत होते. ते उठले, शेडमध्ये गेले आणि हातात काहीतरी गुंडाळी घेऊन आले. मल्चिंग पेपर. टोमॅटोच्या सरीवर अंथरतो तो प्लॅस्टिकचा कागद, वरून चंदेरी, खालून काळा.

"डोस्क्याला हा गुंडाळा," ते म्हणाले, "आन् वरनं पाणी घाला. वर बसलेल्याला वरनंच दिसतंय ना? त्येला दिसंल न्हातीया. खाली थेंब जायचा न्हाय."

आईनं तो कागद दोन बोटांत धरून उलटापालटा करून बघितला. मग म्हणाली, "नवा हाय का? वापरलेला नको."

सकाळी मी न्हाणीघरात पाटावर बसले. माझं डोकं चंदेरी, जत्रेतल्या फुग्यासारखं चमकतंय. आईनं मोठ्या भक्तिभावानं कागदावर तिळाचं वाटण लावलं आणि कढत पाण्याचे पाच तांबे वरून सोडले. टिनाच्या पत्र्यावर पाऊस पडावा तसा आवाज झाला. थेंब आत गेला नाही, हे खरं.

पण तीस वर्षं शेतात मल्चिंग अंथरणाऱ्या माणसाला एक गोष्ट आठवायला हवी होती. त्या कागदाचं कामच मुळी खालची ओल धरून ठेवायची. वरून कढत पाणी, आत माझं डोकं, घाम सुटला तो जिरायला जागा नाही. कागद काढला तेव्हा पुढचे केस जागच्या जागी होते. मागच्यांनी एकदा आळस दिला आणि हळूहळू उठायला लागले.

इस्त्री लावायला गेले तर लाईट नव्हती. आणि तेवढ्यात फोन वाजला. त्याची आई.

"इहीणबाई, आज काहील चढवलीया. भोगीचं जेवान आमच्या गुऱ्हाळावरच करू. पोरीला घिऊन या. तीबी बघंल तिचं घर."

आईनं "येतो की" म्हणून फोन ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. समोरून सरळ, मागून भारुड.

"साडी नेस," ती म्हणाली. "डोक्यावरनं पदर घे. आन् मेलीस तरी पाडू नको."

बारामती-इंदापूर रस्त्यानं आम्ही जीपमधून निघालो. पुढं उसाची ट्रॉली, मागं उसाची ट्रॉली, मध्ये मी डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी धरून. मागं काहीतरी फुगतंय हे मानेला कळत होतं. तात्या गाडी चालवता चालवता आरशातून बघत होते आणि काही बोलत नव्हते, म्हणजे प्लॉट हातचा गेला होता.

त्यांचं घर आणि गुऱ्हाळ एकाच आवारात. जीपमधून उतरले आणि पाय गुळगुळीत फरशीवर पडल्यासारखा झाला. घरासमोर फाटकापासून ओट्यापर्यंत सिमेंटचा कोबा. नवा करकरीत. मातीचा कण नाही. तो ओट्यावरून उतरून आला, तोंड भरून हसत.

"कसं वाटतंय?" 

"काय?"

"अंगण! मागच्या म्हयन्यात केलं. तुमची धुळीची ॲलर्जी... म्हनलं, लगीन होऊन आल्यावर तोंड बांधून फिराय नको आपल्याच घरात. कोपरान्कोपरा भरलाय. आता धूळच न्हाय."

मला वाटलं, हा कोबा फाटावा आणि मला पोटात घ्यावं. पण काम चांगलं केलं होतं, फाटण्यासारखा नव्हता.

मागं त्याची आई उभी होती. जाडजूड, चुलवाणाच्या धगीनं तांबूस झालेली, हातात लांब झारा. लग्नानंतर मी तिला आत्याबाई म्हणायला लागले, म्हणून इथंही तसंच म्हणते. 

"माझी शेवंती व्हती हितं," आत्याबाई म्हणाल्या. "बारा वर्षं. पिवळी आन् तांबडी. म्हनलं, जाऊ दे. पोरीला शिंका येत्यात."

मी "हो का" म्हणाले. आत्तापर्यंत मला भीती होती की केस कळले तर लग्न मोडेल. त्या कोब्यावर उभं राहिल्यावर कळलं की केसांचं मरू दे, माझ्या थापेवर एक अख्खी बाग गाडली होती. आणि गाडणारा माझ्याकडं असा बघत होता, जणू मी आता पदरातून तोंड काढून मोकळा श्वास घेणार. मी पदर आणखी घट्ट धरला.

"पदर काय पडू देत न्हाय पोरगी," आत्याबाई आईला म्हणाल्या. "आजकालच्या पोरी अशा ऱ्हायल्यात व्हय?"

"वळनच हाय तसं," आईनं खालमानेनं सांगितलं. भोगीच्या दिवशी आईला खोटं बोलायला लावलं मी.

गुऱ्हाळ म्हणजे वर पत्रा, खाली चुलवाण, त्यावर खोलीएवढी काहील आणि तिच्यात उकळणारा उसाचा रस. वाफेचा एवढा दाट ढग की पलीकडचा माणूस आवाजावरून ओळखायचा. पार्लरच्या बाईनं ज्याज्या गोष्टींपासून लांब राहायला सांगितलं होतं त्या सगळ्या इथं एकाच छपराखाली होत्या. मी दाराशीच बसायला बघत होते.

"हितं न्हाय, फुडं ये," आत्याबाई म्हणाल्या. "आमच्यात घरात येनाऱ्या सुनेचा हात पैल्यांदा काहिलीला लागतो तो भेंडीच्या पान्यानं. ही घे बादली."

बादलीत भेंडीची झाडं ठेचून, पाण्यात चोळून काढलेलं पाणी होतं. बुळबुळीत, बोटातून तार निघणारं. उकळत्या रसात ते सोडलं की रसातली सगळी घाण फेस होऊन वर येते, मग ती झाऱ्यानं काढायची. काही लोक त्याऐवजी पावडर टाकतात, गूळ पिवळाधमक होतो. आत्याबाई पावडरीला हात लावत नाहीत. त्यांचा गूळ तपकिरी. दिसायला काही नाही, पण एकदा खाल्ला की माणूस दुसऱ्या गुळाला नावं ठेवत सुटतो.

दोन्ही हातांनी बादली धरायची, म्हणजे पदर सोडायचा. मी काहिलीवर वाकले. वाफेचा लोट आला. बादली ओतली. घाण तर वर आलीच.

पदर आधी वर गेला. कुणी ओढला नाही, वाऱ्यानं उडाला नाही. आतून उचलला गेला, उतू जाणाऱ्या दुधानं झाकण उचलावं तसा, आणि खांद्यावर पडला. माझं मागचं डोकं दोन्ही बाजूंनी, वर, आणि मला वाटतं थोडं इंदापूरच्या दिशेनंही पसरलं. पुढं मात्र दोन सरळ पडदे नाकाच्या दोन बाजूंना शिस्तीत लोंबत होते. चरकावर ऊस घालणारा गडी ऊस घालायचा थांबला. चरक रिकामा फिरत राहिला.

"ओल धरली," तात्या हळूच म्हणाले.

आत्याबाईंनी झारा खाली ठेवला. माझ्याजवळ आल्या. पुढची एक बट दोन बोटांत धरली, पाक बघतात तशी चोळली आणि नाकाशी नेली.

"करपलंय."

"इहीणबाई, तसं न्हाय, म्हंजी जरा..." तात्यांनी सुरुवात केली.

"पाव्हणं, मी चाळीस वर्सं काहिलीवर उभी हाय. तळाला पाक लागला का गावाच्या येशीत कळतं मला. तुमच्या घरी बघाय आलो तवाच वास आला व्हता. म्हनलं, पोरगी डोस्कं भाजून बसलीया. सांगंल कवातरी. सांगंना." मग माझ्याकडं वळल्या. "भोगीचं न्हालीस का तरी?"

"न्हाले."

"ह्या केसावरनं?"

"मल्चिंग पेपर लावून."

चरकावरचा गडी खाली बसला. आत्याबाईंनी तोंडावर पदर धरला, खांदे हलत होते. चुलवाणात चिपाडं सारणाऱ्या बाईनं "आगं आये" म्हणून कपाळाला हात लावला. सगळं गुऱ्हाळ हसत होतं. एकटा तो नव्हता हसत.

"म्हंजी धुळीची ॲलर्जी न्हाय?" त्यानं विचारलं.

मी नाही म्हणून मान हलवली. आयुष्यात पहिल्यांदा केसांशिवाय दुसरं काहीतरी जड वाटत होतं.

"पाच वेळा आलो मी."

"हो."

"पाची वेळा तोंड बांधून बसला."

"हो."

तो काहिलीकडं वळला. मग म्हणाला, "पोह्यात मीठ जास्त झालतं तर मी तोंडावर सांगितलं." आणि बाहेर निघून गेला.

हसणं थांबलं. मी आत्याबाईंना विचारलं, "मोडणार का आता?"

"मला काय इचारतीस? माझं भांडन येगळं हाय. केस सरळ का वाकडे ह्येच्याशी मला कर्तव्य न्हाय, मला माझी शेवंती पायजे. त्येचं त्येला इचार. पर आधी न्हा. भोगीला पारोशी पोरगी मी काय माझ्या काहिलीपाशी उभी करायची न्हाय."

त्यांनी मला गुऱ्हाळामागच्या आडोशाला नेलं. चारी बाजूंनी जुन्या साड्या बांधलेल्या. आईही आली, हातात तिळाचं वाटण. मी पार्लरच्या तीन दिवसांचं काहीतरी पुटपुटले, तर दोघींनी मिळून मला पाटावर दाबून बसवलं. आत्याबाईंनी भेंडीच्या पाण्याचा दुसरा डबा आणला आणि माझ्या डोक्यावर उपडा केला.

"रसाची मळी काढतंय, तुझी न्हाय काढायचं व्हय?"

बुळबुळीत पाणी केसांतून उतरत गेलं. जिथं कंगवे हरवले होते, तिथं त्यांची बोटं वरपासून खालपर्यंत सरळ निघाली. कुठं अडकली नाहीत. मी रडत होते, पण भेंडीच्या पाण्यात ते कुणाला कळत नाही, एवढं एक बरं असतं.

"आता धुवाय ऊन पानी लागंल," आत्याबाई मोठ्यानं म्हणाल्या. "कोन हाय का तिकडं?"

बराच वेळ कुणी आलं नाही. मग कोब्यावरून चपला वाजत आल्या. साडीच्या पलीकडं बादली टेकल्याचा आवाज झाला, पाणी हिंदकळलं. चपला तिथंच थांबल्या.

"पानी ठेवलंय," त्याचा आवाज आला. "धूळ न्हाय त्यात."

आत्याबाईंनी माझ्या डोक्यावर एक टपली मारली. "घे. मोडलं न्हाय."

त्या दिवशी केस उन्हात वाळले तेव्हा मागं जे झालं ते मी पहिल्यांदाच बघत होते. एकेक कुरळी बट वेगळी, स्प्रिंगसारखी, ओढली की परत जागेवर. पुढचं मात्र धड सरळ राहिलं नव्हतं, धड कुरळं होत नव्हतं. आत्याबाईंनी लांबून बघितलं, जवळून बघितलं आणि निकाल दिला, "फुडचं काप. खोडवा चांगला फुटंल." तुटलेल्या उसाच्या बुडख्यातून दुसरं पीक येतं त्याला आमच्याकडं खोडवा म्हणतात. लग्नात माझ्या कपाळावर तो बोटभर फुटला होता. मुंडावळ्या त्यात अडकल्या त्या दुसऱ्या दिवाळीला निघाल्या. हे खऱ्या निम्म्यातलं आहे.

पार्लरच्या बाईचा संक्रांतीनंतर फोन आला, माल आलाय म्हणून. मी तिला म्हटलं, मला आता भेंडी पुरते. तात्यांना हे कळल्यापासून ते क्रेटीतली निबर भेंडी वेगळी काढून माझ्याकडं पाठवतात आणि गावात सांगत फिरतात की पोरीच्या डोक्याचा प्लॉट मीच वाचवला.

आणि लग्न होऊन आल्यावर पहिल्याच आठवड्यात आत्याबाईंनी माझ्या हातात पहार दिली. अंगणाचा कोपरा दाखवला. मी कोबा फोडत होते आणि नवरा ओट्यावर चहा पीत बसला होता. सिमेंटचा धुरळा उठला, नाकातोंडात गेला, केसांवर पांढरा थर बसला. मला सणसणीत शिंक आली. मग दुसरी. मग तिसरी.

"काय झालं?" तो म्हणाला. "ॲलर्जी?"

मी शपथेवर सांगत होते की या वेळेला खरंच शिंका येतायत. तो कप खाली ठेवून पोट धरून हसत होता. अजूनही कुणी पाहुणा आला की तो ही गोष्ट सांगतो आणि शिंकांचा आकडा दर वेळी वाढवतो. मागच्या वेळी तो सतरावर गेला होता. मी मध्ये बोलत नाही. शेवंती दोन्ही रंगांची आलीय.